प्लगइन सापडलं नाही: प्लेस्टेशनच्या आवाजाची गोष्ट

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेल आला. जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवरून त्याने ईपीएसएक्सई हा प्लेस्टेशनचा एम्युलेटर नव्या लॅपटॉपवर आणला. गेम सुरू झाला, चित्र दिसलं, आवाज मात्र नाही. सेटिंगमध्ये जाऊन बघितलं तर साउंड प्लगइनची यादी रिकामी. त्याचा प्रश्न एवढाच: "फाइल फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसतेय, मग प्लगइन नाही असं हा का म्हणतोय?"

उत्तर दोन ओळींचं आहे आणि ते मी पुढे देणारच आहे. पण मुळात हा प्रोग्रॅम असा तुकड्यातुकड्यांचा का केला, त्यातला आवाजाचा तुकडाच आधी का दगा देतो, आणि हे तुकडे शेवटी गेले कुठे, ही गोष्ट मला जास्त आवडते. म्हणून आजचा भाग त्यावर.

एम्युलेटर म्हणजे एका यंत्राचं सोंग दुसऱ्या यंत्रावर वठवणारा प्रोग्रॅम. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं नाही आणता येत. एम्युलेटर लिहिणाऱ्यांना विचाराल तर ते म्हणतील, वेळेचं सोंग आणता येत नाही. आणि वेळ चुकली की ती सगळ्यात आधी कानाला कळते.

आधी पीसीकडे काय होतं ते बघू. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा त्याच्यात एक छोटा स्पीकर होता, आणि त्याला टायमरच्या चिपकडून ठोके मिळायचे. बीप यायचा, बस. ऑफिसचं यंत्र, त्याला गाणं कशाला? १९८७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकच्या ॲडलिब कंपनीने यामाहाची चिप लावून एक कार्ड काढलं. त्यावर एका वेळी ९ वाद्यांचा आवाज काढता यायचा, पण माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज नाही. मग १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं. त्यात यामाहाची तीच चिप, म्हणजे ॲडलिबसाठी लिहिलेले गेम त्यावर आपोआप चालणार, आणि शिवाय रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायची सोय. ॲडलिबचं १९९२ मध्ये दिवाळं निघालं.

डॉसच्या जमान्यात कॉम्प्युटर हाताळलेल्यांना ऑटोएक्झेक फाइलमधली 'सेट ब्लास्टर' ही ओळ आठवत असेल. पुढे ए२२०, आय५, डी१ अशी अक्षरं. कार्डाचा पत्ता कोणता, सीपीयूचं लक्ष वेधायला ते कोणत्या आयआरक्यूवरून हाक मारणार, मेमरीतून माल कोणत्या वाटेने उचलणार, हे सगळं माणसाने स्वतः सांगायचं. सुरुवातीची कार्डं आयआरक्यू ७ वर लावलेली यायची, आणि नेमका तोच नंबर प्रिंटरच्या पोर्टचाही. म्हणजे आवाज येत नाही याचं कारण प्रिंटर असू शकत होतं! कॉम्प्युटर उघडून कार्डावरचा जंपर हलवला की आवाज यायचा. माझ्या वयाच्या लोकांनी हे केलेलं नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. पीसीत आवाज नेहमी बाहेरून आलेला पाहुणा होता. त्याची व्यवस्था लावणं वापरणाऱ्याच्या गळ्यात.

प्लेस्टेशनचं याच्या बरोबर उलट. त्या यंत्राचा इतिहासच आवाजापासून सुरू होतो.

सोनीत केन कुतारागी नावाचा इंजिनिअर होता. त्याने निंटेंडोच्या सुपर फॅमिकॉमसाठी आवाजाची चिप डिझाइन केली, आणि तीही सुरुवातीला वरिष्ठांना फारसा पत्ता लागू न देता. ते यंत्र नोव्हेंबर १९९० मध्ये जपानमध्ये आलं. त्या ओळखीतून निंटेंडोच्या यंत्राला सोनीची सीडी ड्राइव्ह जोडायचा बेत ठरला, आणि १९९१ मध्ये निंटेंडोने जाहीरपणे फिलिप्सचा हात धरून सोनीला तोंडघशी पाडलं. मग सोनीने स्वतःचं यंत्र काढलं. ३ डिसेंबर १९९४, जपान. प्लेस्टेशनचा जनक म्हणून ओळखला जाणारा हा माणूस आवाजाच्या चिपवरून तिथे पोचला, हे मला फार बोलकं वाटतं.

आता एक गंमत बघा. प्लेस्टेशनच्या सीपीयूचा वेग ३३.८६८८ मेगाहर्ट्झ. आकडा विचित्र वाटतो ना? ३३ नाही, ३४ नाही. त्याला ४४,१०० ने भागा. उत्तर येतं बरोबर ७६८. वर एक दशांशही नाही. ४४,१०० म्हणजे ऑडिओ सीडीवर एका सेकंदात असणारे आवाजाचे नमुने. म्हणजे सीपीयूचे ७६८ ठोके पडले की आवाजाचा एक नमुना बाहेर. पूर्ण यंत्राचं घड्याळ सीडीच्या आवाजाला बांधलेलं आहे.

त्यातल्या आवाजाच्या चिपचं नाव एसपीयू. २४ आवाज एकाच वेळी, स्वतःची ५१२ केबी मेमरी. साधा न दाबलेला आवाज भरला तर एवढ्या जागेत जेमतेम ६ सेकंद मावतील. म्हणून आवाज दाबून ठेवायचे: १६ बाइटच्या एका ठोकळ्यातून २८ नमुने उलगडायचे, म्हणजे साडेतीनपट बचत. दणक्याचा आवाज, पावलांचा आवाज, निवेदकाची आरोळी, सगळं त्या इवल्याशा पेटाऱ्यात. पेटारा लहान म्हणून गेम लिहिणारे आणखी एक युक्ती करायचे. चिप मेमरीतल्या अमुक जागी पोचली की तिने सीपीयूला हाक मारायची, आणि सीपीयूने मागचा वाजून झालेला भाग पुसून तिथे पुढचा भरायचा. ही हाक वेळेवर आली नाही तर नुसता आवाज तुटत नाही, काही गेम चक्क अडकून बसतात, कारण ते त्या हाकेची वाट बघत असतात.

आता हे सगळं पीसीवर वठवायचं म्हणा. पीसीच्या साउंड कार्डला नमुन्यांच्या गठ्ठ्याने माल लागतो. एका सेकंदाला ६० चित्रं धरली तर प्रत्येक चित्रामागे ७३५ नमुने. आपल्यासारख्या पाल पद्धतीच्या देशात ५० चित्रं, म्हणून ८८२. एम्युलेटरला थोडा उशीर झाला, एखादं चित्र गळलं, तर डोळा ते सोडून देतो. कार्डाची टोपली मात्र रिकामी झाली की लगेच 'कर्रर्र'. टोपली मोठी केली तर करकर थांबते, पण मग ठोसा आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. जगातल्या प्रत्येक एम्युलेटरमध्ये लेटन्सी किंवा बफर नावाची जी पट्टी सरकवायला दिलेली असते, ती या दोन त्रासांपैकी कोणता पत्करणार एवढंच विचारते.

पीसीवाल्यांनी तरी हे १९९९ मध्ये जमवलं. त्या जानेवारीत मॅकवर्ल्डच्या मंचावर स्टीव्ह जॉब्जने कनेक्टिक्स कंपनीचा व्हर्च्युअल गेम स्टेशन दाखवला, ४९ डॉलरला, मॅकवर प्लेस्टेशनचे गेम. त्याच महिन्यात सोनीने खटला भरला. पीसीवर ब्लीम आलं, त्याच्यावरही खटला. कनेक्टिक्सच्या बाबतीत खालच्या कोर्टाने आधी विक्रीला मनाई केली, पण फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने निकाल फिरवला. यंत्र कसं चालतं हे समजून घेताना बायॉसची मधल्या टप्प्यातली नक्कल करणं हा रास्त वापर आहे, असं कोर्टाने म्हटलं, कारण विक्रीच्या मालात सोनीचा कोड नव्हता. पुढे २००१ मध्ये सोनीने व्हर्च्युअल गेम स्टेशन विकतच घेतला आणि बंद करून टाकला. ब्लीम कोर्टात टिकलं पण खर्चात बुडालं, तेही २००१ मध्येच. कायद्यात जिंकून धंद्यात संपायचं, असा हा प्रकार.

या खटल्यांची एक खूण आजही प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये आहे. एम्युलेटर उघडला की तो बायॉसची फाइल मागतो, ती सोबत कधीच देत नाही. बायॉस सोनीची मालमत्ता, तिचं सोंग वठवणारा प्रोग्रॅम तुमचा. म्हणजे "बायॉस सापडली नाही" हा संदेश तांत्रिक दिसला तरी त्याचं मूळ कायद्यात आहे.

प्लगइनचं कारण वेगळं. कंपन्या कोर्टात भांडत होत्या तेव्हा हौशी मंडळी फुकटचे एम्युलेटर लिहीत होती. त्यातल्या पीएसईमू प्रो या एम्युलेटरने एक मोठं काम केलं: आवाज, चित्र, सीडी आणि कंट्रोलर हे चार भाग वेगळ्या डीएलएल फाइलींमध्ये काढले, आणि मधला करार जाहीर करून टाकला. आवाजाच्या डीएलएलमध्ये सुरुवात करायचं फंक्शन या नावाचं हवं, रजिस्टर लिहायचं त्या नावाचं हवं, वगैरे. तो करार पाळणारा कोणीही प्लगइन लिहू शकत होता. तेव्हा याची गरजही होती. कोणाकडे थ्रीडीएफएक्सचं ग्राफिक्स कार्ड, कोणाकडे आणखी कसलं; एका माणसाने सगळ्यांसाठी लिहायचं म्हटलं असतं तर काहीच पुरं झालं नसतं. ऑक्टोबर २००० मध्ये ईपीएसएक्सई आला तो याच करारावर उभा राहून. गाभा एका टोळीचा, चित्राचं प्लगइन दुसऱ्याचं, आवाजाचं तिसऱ्याचं. आम्ही ऑफिसमध्ये आज ज्याला मॉड्युलर म्हणून मिरवतो ते हेच, फक्त इथे कोणालाही पगार नव्हता.

आमच्या गावात हे सगळं सीडीवरून पोचलं. नेट कॅफेत टेकन ३ चालायचा, कॉम्प्युटर बहुतेक पेंटियम ४, आणि एका मशिनवर तो कायम मुका. कॅफेवाल्या दादाला विचारलं तर म्हणायचा, "अरे, आवाजाचं प्लगइन नसेल त्यात. जिंकलास की मी ओरडतो!" दादाला प्लगइन म्हणजे काय हे ठाऊक होतं असं नाही, पण निदान अचूक होतं. सीडी भरणाऱ्याने एम्युलेटरचा फोल्डर जेवढा हाताला लागला तेवढाच उचलला होता. तुकड्यांनी बनवलेली वस्तू हातोहात फिरली की एखादा तुकडा वाटेत गळणारच.

आता श्रोत्याचं उत्तर. विंडोज एखादी डीएलएल उघडायला जातं तेव्हा ती डीएलएल पुढे कोणावर अवलंबून आहे तेही शोधतं. तुमच्या प्लगइनला व्हिज्युअल सी++ ची जुनी रनटाइम लायब्ररी हवी असेल आणि ती नव्या लॅपटॉपवर नसेल, तर विंडोज एरर १२६ देतं: मॉड्युल सापडलं नाही. कोणतं मॉड्युल, ते सांगत नाही. एम्युलेटर बिचारा समजतो की प्लगइनच नाही, आणि यादीतून त्याचं नाव उडवतो. पाहुणा दारात उभा आहे, पण त्याची चप्पल हरवली म्हणून तो आलाच नाही असं सांगण्यासारखं. प्लेस्टेशन २ च्या पीसीएसएक्स२ मध्ये एक्सऑडिओ२ च्या २.७ आवृत्तीने असाच घोळ घातला होता. ती जून २०१० च्या डायरेक्टएक्स पॅकेजमधून यायची. विंडोज ८ ने स्वतःची २.८ आणली आणि जुनी सोबत दिली नाही. तेव्हा ते जुनं डायरेक्टएक्स पॅकेज आणि व्हिज्युअल सी++ ची ३२ बिटची रनटाइम टाका. लॅपटॉप ६४ बिटचा असला तरी ३२ बिटचीच, कारण प्रोग्रॅम ३२ बिटचा आहे. आणि इंटरनेटवरून सुटी डीएलएल उचलून फोल्डरमध्ये टाकू नका. ती कुठून आली, आत काय आहे, कोणी सांगावं?

यादीत प्लगइन दिसतंय आणि तरी आवाज नाही, ही दुसरी तऱ्हा. तिथे दोष बहुधा खालच्या थराचा. २००७ च्या विस्टापासून मायक्रोसॉफ्टने आवाजाची रचना नव्याने बांधली आणि डायरेक्टसाउंडला थेट साउंड कार्डापर्यंत जायची जी वाट होती ती बंद केली. क्रॅश करणारे ड्रायव्हर बघता निर्णय बरोबर होता असं मला वाटतं, पण जुन्या प्लगइनचा सगळा माल आता सॉफ्टवेअरच्या मिक्सरमधून जाऊ लागला, आणि वेळेचं गणित बदललं. त्याच विस्टाने प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा कमीजास्त करायची सोयही दिली. त्यामुळे तासभर प्लगइन शोधण्याआधी व्हॉल्यूम मिक्सर उघडून एम्युलेटर म्यूट तर नाही ना, एवढं बघाच. लिनक्सवाल्यांचं दुखणं निराळं होतं. जुनी प्लगइन थेट डेव्ह-डीएसपी या फाइलीत आवाज ओतायची, आणि तिथे सहसा एका वेळी एकालाच प्रवेश. ब्राउझरमध्ये गाणं चालू असलं की गेम मुका. मग आल्सा आलं, पल्सऑडिओ आलं, आता पाइपवायर. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीचं सोंग वठवणारा एक थर ठेवला, म्हणून अजून थोडंफार चालतं.

हे सगळं दुरुस्त करता येतं. जे दुरुस्त होत नाही ते वेगळंच आहे.

पीट बर्नर्ट नावाच्या प्रोग्रॅमरची चित्राची आणि आवाजाची प्लगइन त्या काळी जवळजवळ प्रत्येक फोल्डरमध्ये असायची. त्याच्या पी.ई.ऑप.एस. या साउंड प्लगइनच्या सोर्स फाइलींच्या माथ्यावर मे २००२ ची तारीख आहे, आणि खाली जीपीएलचं लायसन्स. म्हणजे कोड वाचा, बदला, वाटा. फक्त तुम्ही केलेले बदलही तसेच खुले ठेवा. त्याच काळात इतरही चांगली प्लगइन होती, काही तर ऐकायला जास्त गोड. पण त्यातली बरीचशी नुसती तयार डीएलएल म्हणून वाटली गेली, सोर्स लेखकाच्या घरच्या मशिनवर. लेखकाचं शिक्षण संपलं, नोकरी लागली, साइट बंद पडली. डीएलएल राहिली, पण ३२ बिटची. ६४ बिटच्या प्रोग्रॅममध्ये ३२ बिटची डीएलएल चढत नाही, विंडोज एरर १९३ देऊन मोकळं होतं. सोर्स असता तर नव्याने कंपाइल करणं हे एका शनिवारचं काम. सोर्स नाही, म्हणजे विषय संपला.

पीटचा कोड मात्र चालत राहिला. पीसीएसएक्स या खुल्या एम्युलेटरने तो डीएफसाउंड या नावाने घेतला. तिथून तो पीसीएसएक्स-रीआर्म्डमध्ये गेला, जो एआरएम प्रोसेसरच्या छोट्या यंत्रांसाठी होता. आज रास्पबेरी पायवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारे बरेच जण नकळत त्याच घराण्याचा आवाज ऐकतात. पुष्कळ हातांनी त्यात दुरुस्त्या केल्या, त्या हाकेची वेळही सुधारली, पण फाइलीच्या माथ्यावर मे २००२ आणि पीटचं नाव तसंच आहे.

आणि मग ३ डिसेंबर २०१८. पहिल्या प्लेस्टेशनच्या बरोबर २४ वर्षांनी सोनीने प्लेस्टेशन क्लासिक नावाचं चिमुकलं यंत्र विकायला काढलं, आत २० गेम. ते चालवणारा एम्युलेटर कोणता? पीसीएसएक्स-रीआर्म्ड. ज्या कंपनीने १९९९ मध्ये एम्युलेटरवाल्यांना कोर्टात खेचलं, तिने स्वतःच्याच यंत्राचं सोंग वठवायला हौशी लोकांचा फुकटचा कोड घेतला, आणि लायसन्सची नोंदही यंत्रात दिली. त्या २० गेममध्ये टेकन ३ होता. अमेरिकेत विकलेल्या यंत्रातही तो ५० चित्रांच्या पाल आवृत्तीत होता, म्हणून लोकांनी सोनीला भरपूर शिव्या घातल्या. मला हसू आलं. पाल म्हणजे तर आपला आवाज, चित्रामागे ८८२ नमुने!

प्लगइनचा जमाना आता जवळपास संपलाय. मेडनाफेन, डकस्टेशन यांच्यात आवाज गाभ्यातच आहे, सीपीयूच्या ठोक्यांशी जुळवलेला, मूळ यंत्रात होता तसा. पीसीएसएक्स२ नेही प्लगइनची पद्धत मोडीत काढली, २०२४ ची २.० आवृत्ती एकसंध आहे. इंजिनिअर म्हणून विचाराल तर हेच बरोबर. ७६८ ठोक्यांचा हिशेब दोन वेगळ्या फाइलींमध्ये, दोन अनोळखी माणसांनी सांभाळणं अवघडच होतं. पण त्या करारामुळेच परस्परांना कधी न भेटलेल्या माणसांना आपापला तुकडा लिहिता आला, आणि त्यातला निदान एक तुकडा सोनीच्या खोक्यापर्यंत गेला. मेल पाठवणाऱ्या श्रोत्याला मी डकस्टेशन सुचवलंय. तो म्हणाला, वापरेन, पण तो जुना फोल्डर ठेवणार आहे, कारण त्यात २००९ ची मेमरी कार्डची फाइल आहे. ती फाइल १२८ केबीची, आणि डकस्टेशनमध्येही उघडते. तिचा प्लगइनशी काही संबंध नाही.